मदत हवी आहे: किल्ली पर्समध्ये असूनही गाडी म्हणते 'किल्ली सापडत नाही'

साताऱ्याची_लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न आईच्या गाडीचा आहे. आई-बाबा साताऱ्याला, मी ठाण्याला. बाबांच्या डोळ्यांच्या ऑपरेशननंतर गाडी आईच चालवते. गाडी २०२१ ची, पेट्रोल, साधे गिअर, बटन दाबून सुरू होणारी. सेकंडहँड घेतली आहे. किल्ली पर्समध्येच असते. दाराच्या हँडलवरचं छोटं काळं बटन दाबलं की लॉक उघडतं, क्लच दाबून स्टार्टचं बटन दाबलं की इंजिन सुरू होतं.

गेल्या काही महिन्यांपासून मधूनच डॅशबोर्डवर 'की नॉट डिटेक्टेड' येतं. दार व्यवस्थित उघडलेलं असतं, पर्स समोर गिअरजवळच्या खणात असते, तरी गाडी सुरू होत नाही. थोड्या वेळाने, काही न करता, होते. परवा कोरेगावहून येताना पेट्रोल पंपावर असं झालं. मागे रांग, लोक हॉर्न वाजवतायत, आणि आई घाबरून गेली. सर्व्हिस सेंटरने किल्लीतला सेल बदलून दिला, फरक पडला नाही. आता ते म्हणतात किल्लीच नवी घ्या. खर्च बराच आहे, आणि तो करून दोष जाईलच असं कोणी सांगत नाही.

मला आधी हे नीट समजून घ्यायचंय. गाडीला किल्ली आत आहे हे कळतं कसं? आई एकटी असताना असं झालं तर तिने काय करायचं? आणि बाबांची एक शंका: गाडी ओट्यासमोर उभी असते, किल्ली दारामागच्या खुंटीवर. लांबून सिग्नल पकडून गाडी पळवतात म्हणे, ते खरं आहे का?

वायरमन_चाकण

ताई, गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्येच काम करतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. दोष शोधायला त्याचा उपयोग होईल.

त्या एका किल्लीत खरं तर तीन वेगवेगळ्या व्यवस्था आहेत. तिन्हींचं काम स्वतंत्र चालतं, त्यामुळे एक बिघडली तरी बाकीच्या चालू राहू शकतात.

पहिली म्हणजे किल्लीवरची लॉक-अनलॉकची बटनं. बटन दाबलं की किल्ली गाडीकडे रेडिओ संदेश पाठवते. आपल्याकडे आणि युरोपात तो ४३३.९२ मेगाहर्ट्झवर जातो, अमेरिका-जपानात बहुधा ३१५ वर. दर वेळी कोड बदलतो. एकदा वापरलेला कोड गाडी पुन्हा स्वीकारत नाही, म्हणून नुसता रेकॉर्ड करून वाजवला तर दार उघडत नाही.

दुसरी व्यवस्था तुमच्या प्रश्नातली. इथे बोलायला सुरुवात गाडी करते, किल्ली नाही. हँडलवरचं बटन किंवा स्टार्टचं बटन दाबलं की गाडीतल्या अँटेना १२५ किलोहर्ट्झच्या आसपास एक हाक देतात. या अँटेना दारांच्या हँडलमध्ये, मागच्या बंपरमध्ये आणि केबिनमध्ये दोन-तीन ठिकाणी असतात. इतक्या कमी फ्रीक्वेन्सीला ही हाक म्हणजे जवळपास नुसतं चुंबकीय क्षेत्र असतं. अंतर दुप्पट झालं की त्याचा जोर साधारण आठपट घटतो, म्हणून ती मीटर-दीड मीटरच्या पुढे ऐकू जात नाही. ही मर्यादा मुद्दाम ठेवलेली आहे.

किल्लीत एकमेकींना काटकोनात बसवलेल्या तीन बारीक कॉइल असतात. त्यामुळे किल्ली पर्समध्ये आडवी-तिडवी कशीही पडली तरी हाक ऐकू येते. हाकेबरोबर गाडी एक यादृच्छिक आकडा पाठवते. किल्ली आपल्या गुप्त कोडने त्यावर गणित करते आणि उत्तर ४३३ मेगाहर्ट्झवर परत पाठवते. गाडीने स्वतः तेच गणित केलेलं असतं, दोन्ही उत्तरं जुळली तरच पुढची पायरी. शिवाय कोणत्या अँटेनाचा आवाज किती मोठा ऐकू आला तेही किल्ली कळवते. त्यावरूनच गाडी ठरवते की किल्ली सीटवर आहे की दाराबाहेर. सगळं जुळलं की स्टिअरिंगचं लॉक सुटतं, इंजिनच्या कंप्युटरला परवानगी जाते आणि मग स्टार्टर फिरतो.

तिसरी व्यवस्था अडचणीच्या वेळची, पण तुमच्या आईंसाठी सर्वांत महत्त्वाची. किल्लीत एक ट्रान्सपॉंडर चिप असते, तिला सेल लागतच नाही. किल्ली अगदी स्टार्ट बटनाला टेकवली की बटनाभोवतीच्या कॉइलमधून तिला पुरेशी वीज मिळते आणि ती आपली ओळख देते. काही गाड्यांत बटनाऐवजी कपहोल्डरच्या तळाशी किंवा स्टिअरिंगखाली खूण केलेली जागा असते. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत ती पाहून आईंना आजच फोनवर सांगा. पुन्हा 'सापडत नाही' आलं तर पर्समधून किल्ली काढायची, त्या जागी टेकवून धरायची, क्लच दाबायचा, बटन दाबायचं. पंपावर उभं राहायची वेळ येणार नाही.

आता मला सांगा:
घरून सकाळी निघताना असं कधी झालंय का?
अडते तेव्हा किल्लीवरच्या बटनांनी लॉक-अनलॉक होतं का?
दुसऱ्या किल्लीनेही असंच होतं का?
त्या खणात पर्सशिवाय आणखी काय असतं?

मुक्ता_०७

आमच्याकडे असंच व्हायचं, किल्ली मोबाइलला चिकटून एकाच कप्प्यात असायची म्हणून. वेगळी ठेवायला लागल्यापासून त्रास नाही. आईंना तेवढं करून पाहायला सांगा.

आणि एक, किल्लीच्या आत पातळ धातूची किल्ली असते हे कित्येकांना माहीतच नसतं. बाजूची खिट्टी सरकवली की ती बाहेर येते. गाडीची मोठी बॅटरी उतरली तर दार तिनेच उघडावं लागतं. काही गाड्यांत ड्रायव्हरच्या हँडलवर झाकणाखाली कुलूप लपवलेलं असतं.

साताऱ्याची_लेक

वायरमन, किती समजावून लिहिलंत, मनापासून आभार. आईला लगेच फोन केला. घरून निघताना एकदाही नाही. नेहमी मधे कुठे थांबून पुन्हा निघतानाच होतं: पंप, भाजी मंडई, एकदा सज्जनगडाच्या पायथ्याशी. किल्लीवरची बटनं तेव्हाही चालतात, बाबांनी बाहेर उभं राहून पाहिलं होतं. दुसरी किल्ली नाही, गाडी घेतली तेव्हा एकच मिळाली. खणात आईचा फोन असतो. माझ्या भावाने दिवाळीत वायरलेस चार्जिंगचा पॅड आणून दिलाय, तो तिथेच चिकटवलाय.

वायरमन_चाकण

माझा संशय पूर्णपणे त्या पॅडवर आहे.

फोनचे वायरलेस चार्जर साधारण १०० ते २०५ किलोहर्ट्झच्या दरम्यान चालतात. गाडीची हाक १२५ च्या आसपास, म्हणजे त्याच पट्ट्यात. किल्ली पॅडपासून वीतभर अंतरावर पर्समध्ये असेल तर पॅडच्या क्षेत्रात गाडीची हाक बुडून जाते. सकाळी निघताना फोन पॅडवर नसतो, म्हणून गाडी सुरू होते. पंपावर थांबल्यावर फोन पॅडवरच राहतो. सॉकेट इंजिन बंद असतानाही चालू राहणारा असेल, किंवा बटन एकदा क्लचशिवाय दाबलं जाऊन वीज आली असेल, तर पॅड चालूच असतो. फोन भरला किंवा उचलला की पॅड शांत होतो, आणि मग 'काही न करता' गाडी सुरू होते. बाहेरून बटनं चालतात, कारण ती ४३३ वर बोलतात, त्यांना पॅडचा त्रास नाही.

त्यामुळे नवी किल्ली घेऊन काही होणार नाही, तीसुद्धा तिथेच अडेल. पैसे खर्चण्याआधी पॅडची वायर काढून ठेवा आणि आईंना नेहमीप्रमाणे वापरू द्या. कंपनीकडून पॅड बसवून आलेल्या गाड्यांमध्ये सुरू होताना पॅड क्षणभर थांबवण्याची सोय ठेवलेली असते, बाजारातल्या पॅडला गाडीचं काही कळत नाही.

सेल लवकर उतरत असेल तर त्याचंही कारण हेच असू शकतं. किल्लीचा कान सतत उघडा असतो, एरवी तो नगण्य वीज खातो, पण जवळ असा गोंगाट असला की किल्ली वारंवार जागी होते.

गॅरेजवाला_कराड

वायरमन साहेबांशी सहमत. माझ्याकडे अशा तक्रारी येतात तेव्हा मी आधी चार्जर, डॅशकॅम, स्वस्तातले यूएसबी अडॅप्टर सगळे काढून पाहतो.

उलट प्रकारही असतो, तो पुढे कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहितो. किल्लीवरची बटनंच चालत नाहीत, दोन्ही किल्ल्यांची नाहीत, आणि तेही एकाच जागी, शेजाऱ्यांच्या गाड्यांचंही तसंच. तेव्हा गाडी निर्दोष असते. आसपास ४३३ वर काहीतरी सतत बोंबलत असतं, गेटचा अडकलेला रिमोट किंवा वायरलेस डोअरबेल. गाडी ढकलत शंभर फूट नेली की सुरू. आणि सगळीकडे, दोन्ही किल्ल्यांनी त्रास असेल तरच केबिनची अँटेना, हँडलचं बटन किंवा गाडीची १२ व्होल्टची बॅटरी तपासायला घ्यावी.

सेल घरी बदलता येतो. पुष्कळ किल्ल्यांत सीआर २०३२, तीन व्होल्टचा नाण्यासारखा. आधीच्या सेलवरचा नंबर पाहूनच घ्या, काहींत वेगळा असतो.

साताऱ्याची_लेक

पॅड काढलाय. आई त्यानंतर मंडई, बँक, मावशीकडे सगळीकडे जाऊन आली, प्रत्येक ठिकाणी थांबून पुन्हा निघाली. एकदाही अडली नाही. किल्ली बटनाला टेकवून सुरू करायचंही तिने अंगणात करून पाहिलं, आता ती निर्धास्त आहे. तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू!

आणखी एक विचारते. बाबांना सोडायला जाताना किल्ली त्यांच्या खिशात राहिली आणि ते उतरून गेले, तर गाडी रस्त्यात बंद पडेल का? आणि ते चोरीचं?

वायरमन_चाकण

बंद पडत नाही. चालत्या गाडीचं इंजिन थांबणं जास्त धोक्याचं, म्हणून गाडी फक्त बीप देते आणि संदेश दाखवते. पण एकदा इंजिन बंद केलं की पुन्हा सुरू होणार नाही. त्यामुळे बीप ऐकू आली तर बंद न करता बाबांकडे मागे वळायचं. कुठल्याही कारणाने चालत्या गाडीचं इंजिन बंद करायची वेळ आली तर बहुतेक गाड्यांत स्टार्टचं बटन काही सेकंद दाबून धरावं लागतं, हेही पुस्तिकेत पाहून ठेवा.

हाउन्स्लोकर

चोरीबद्दल मी लिहितो, इंग्लंडमध्ये राहतो आणि आमच्या गल्लीत हा विषय रोजचा आहे.

बाबांची शंका खरी आहे. याला रिले म्हणतात. दोघं जण लागतात. एक गाडीजवळ उभा राहून हँडल दाबतो आणि गाडीची हाक एका यंत्रात पकडतो. ती दुसऱ्याच्या यंत्राकडे जाते, तो घराच्या दाराशी, किल्लीच्या जवळ उभा असतो. त्याचं यंत्र तीच हाक किल्लीला ऐकवतं. किल्लीला वाटतं गाडी शेजारीच आहे, ती प्रामाणिकपणे बरोबर उत्तर देते. गुप्त कोड कोणी फोडत नाही, फोडायची गरजच नसते. २०११ मध्ये झुरिकच्या ईटीएच या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हे करून दाखवलं, दहाही गाड्या उघडल्या आणि सुरू झाल्या. म्हणजे कंपन्यांना हे माहीत होऊन बराच काळ झाला, आणि तरीही वर्षानुवर्षं त्याच पद्धतीच्या गाड्या विकल्या गेल्या, याचा मला खरोखर राग आहे.

यावरचा पक्का उपाय म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजणं. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जाते, म्हणून अल्ट्रा वाइडबँडच्या किल्ल्या खरं अंतर ओळखतात, मधे यंत्र घातलं की वेळ वाढतो आणि चोरी पकडली जाते. जग्वार लँड रोव्हरने २०१८ च्या काही मॉडेलांपासून हे आणलं. काही कंपन्यांनी किल्लीत हालचाल ओळखणारा सेन्सर घातला, किल्ली खुंटीवर निश्चल राहिली की ती झोपते आणि हाकेला उत्तरच देत नाही.

तुमच्यासाठी सोपं म्हणजे खुंटी बदला. दारामागची जागा सर्वांत वाईट. किल्ली घराच्या आतल्या बाजूला, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. डबा चालतो की नाही हे स्वतः तपासा: किल्ली आत, झाकण बंद, डबा हातात घेऊन गाडीजवळ जा आणि हँडलचं बटन दाबा. दार उघडलं तर तो डबा उपयोगाचा नाही. सिग्नल रोखणाऱ्या पाऊचचीही हीच परीक्षा घ्या, शिवण उसवली की ते निकामी होतात. काही गाड्यांत हँडलची सोय सेटिंगमधून बंदही करता येते.

डब्याने सगळंच थांबत नाही हेही सांगतो. २०२२ मध्ये लंडनमध्ये एका सुरक्षा संशोधकाची टोयोटा आरएव्ही४ हेडलाइटमागच्या वायरिंगमधून गाडीच्या नेटवर्कमध्ये शिरून चोरली गेली, तिथे किल्लीचा संबंधच नव्हता. म्हणून इथे लोक स्टिअरिंगला जाडजूड पिवळं लॉक लावतात. साताऱ्यातही ते मिळेल, आणि चोराला ते लांबूनच दिसतं.

गॅरेजवाला_कराड

ताई, रिलेपेक्षा मला तुमच्या आधीच्या एका वाक्याची जास्त काळजी वाटतेय. सेकंडहँड गाडी आणि किल्ली एकच मिळाली. मग दुसरी कुठे आहे? हरवली असेल, किंवा आधीच्या मालकाकडे किंवा दलालाकडे असेल. ती गाडीत नोंदलेली आहे तोवर तिने तुमची गाडी उघडते आणि सुरूही होते, त्याला कुठलंही यंत्र लागत नाही.

वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला की बऱ्याच गाड्यांत किती किल्ल्या नोंदलेल्या आहेत ते दिसतं. त्यांना जुन्या सगळ्या पुसून तुमच्या हातातली नव्याने नोंदवायला सांगा. त्यावेळी तुमच्याकडची प्रत्येक किल्ली सोबत लागते, नाहीतर तीही बाद होते. धातूच्या किल्लीने दार तरीही उघडेल, पण इंजिन सुरू होणार नाही.

आणि जमेल तेव्हा दुसरी किल्ली करून घ्याच. ती तुम्हाला आता लगेच नको वाटेल, पण गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. एकच असेल तर दावा अडू शकतो. आधीच्या मालकाकडून एकच मिळाली असं लेखी घेऊन ठेवा, आणि ते विमा कंपनीला आत्ताच कळवा.

साताऱ्याची_लेक

दादा, हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. दलालाचा नंबर बाबांकडे आहे, ते आज त्याला फोन करून दुसऱ्या किल्लीचं विचारतायत. शनिवारी मी साताऱ्याला जातेय, तेव्हा गाडी स्कॅनरवर लावून घेते. किती किल्ल्या निघाल्या ते इथे लिहीन.