मदत हवी आहे: टाकीत लोच कुठले सोडू? रविवारच्या आत ठरवायचंय

वाशिष्ठीकाठची_सई
मंडळी, जरा लवकर सांगा. भाऊ रविवारी मुंबईहून चिपळूणला येतोय. येताना कुर्ल्याहून मासे आणणार आहे, त्याला यादी पाठवायची आहे. मला लोच (तळाशी फिरणारे, मिशीवाले मासे) हवेत, पण कोपऱ्यात पडून राहणारे नकोत. दिवसाउजेडी फिरणारे, पळापळ करणारे हवेत. इथल्या दुकानात क्लाउन लोच पाहिले, केशरी अंगावर काळे पट्टे, बोटाएवढे. फार आवडलेत. सहा घेतले तर चालतील ना? टाकी चांगली मोठी आहे. शिवाय आत गोगलगायी माजल्यात, त्या ते खातात म्हणे.

गुहागरचा_गणू
"चांगली मोठी" म्हणजे केवढी? टेप लावून लांबी, रुंदी, उंची लिहा. आत अजून कोण कोण आहे? पाणी नळाचं की विहिरीचं?

मालवणी_माणूस
क्लाउनच घेवा! माझ्याकडे आसत. दुपारी आडवे पडान झोपतत, घरात पावणो इलो की विचारता, मेले काय ते? पण संध्याकाळी खाऊक घातला की काय ती धावपळ! दुसरो मासो बघूक नको.

जांभ्याचा_चिरा
दादा, तुमची टाकी केवढी ते पण सांगा ना.

मालवणी_माणूस
सहा फुटी. भिंतीतच बसवून घेतलंय.

जांभ्याचा_चिरा
तेच म्हणतोय. सईताई, क्लाउन हा सुमात्रा-बोर्निओच्या नद्यांतला मासा. दुकानात दीड-दोन इंचांचा दिसतो, पण वाढत वाढत आठ-दहा इंचांचा होतो, कधी फूटभरही. नीट सांभाळला तर वीस वर्षं जगतो. एकटादुकटा ठेवला की बुजून लपतो, म्हणजे पाच-सहा घ्यावेच लागतात. घरात चारशे लिटरच्या खालची टाकी असेल तर नाव काढू नका.

वाशिष्ठीकाठची_सई
मोजली. तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. विहिरीचं पाणी. निऑन टेट्रा आहेत. आता नावं सांगा, भावाला आज कळवायचंय.

दापोली_निसर्ग
सकर फिश घ्या. एकच पुरतो, काच लख्ख ठेवतो, कटकट नाही.

गुहागरचा_गणू
त्यांनी काचेचं विचारलंच नाही हो. आणि सकर गोगलगायी खात नाही, वाढतो मात्र फूटभर. मग लोक कंटाळून नदीत सोडतात. उजनीत काय झालंय ते मच्छीमारांना विचारा, जाळी फाडतात ते. वाशिष्ठीत तरी नको.

जांभ्याचा_चिरा
ताई, तुमच्या टाकीत काठोकाठ धरलं तर शंभरेक लिटर, वाळू-दगड वजा जाता नव्वदच्या आसपास. पण पळणाऱ्या माशाला लिटरपेक्षा तळाची लांबी-रुंदी महत्त्वाची. उंची त्याच्या फारशी कामाची नाही. त्या हिशोबाने:

योयो लोच आपल्या उत्तर भारतातला, खूप चपळ, पण पाच-सहा इंचांचा होतो. चार फुटी टाकी हवी. तुमच्याकडे नको.

कुहली मावतील, पण ते रात्री बाहेर पडणारे. दिवसभर वाळूत नाहीतर मुळांत दडून बसतात. तुम्हाला हवं ते हे नव्हे.

ड्वार्फ चेन लोच! थायलंडचा, दोन-सव्वादोन इंचांचा, अंगावर साखळीसारखी नक्षी. दिवसा फिरतो, आणि तळालाच नाही, मधल्या पाण्यातही टोळीने पोहतो. आठ घ्या. बारक्या गोगलगायीही टिपतो.

कोल्हापूरचा_कृष्णा
झेब्रा लोच विसरलात की! बोटिया स्ट्रिएटा. कृष्णा खोऱ्यातला, आपल्या घाटावरचा. तीन-साडेतीन इंच, तीन फुटी टाकीत पाच-सहा मजेत राहतात. परदेशी मासा कशाला?

जांभ्याचा_चिरा
आपला आहे म्हणूनच सांगत नाही. आययूसीएनच्या (निसर्ग जपणारी जागतिक संस्था) यादीत तो संकटग्रस्त आहे, आणि सह्याद्री सोडून जगात कुठे नाही. बाजारातले ओढ्यांतून पकडलेले असू शकतात. ड्वार्फ चेनही संकटग्रस्तच आहे, पण विकायला येतो तो बहुतेक हॅचरीत पैदास केलेला.

कोल्हापूरचा_कृष्णा
ओढ्यात नांगराची माती आणि फवारणीचं पाणी येतं त्याचं काय? टाकीत ठेवणाऱ्यामुळेच मासा संपतो असं नाही.

जांभ्याचा_चिरा
मान्य. पण त्यात आपली भर नको.

देवगड_हापूस
टाकीत किनाऱ्यावरची वाळू घाला ताई, बारीक असते, आणि फुकट!

गुहागरचा_गणू
मुळीच नको! त्यात शिंपल्यांचा चुरा असतो, पाण्याचा हार्डनेस (जडपणा) वाढत जातो. लोचना मिशा असतात, सारखं तळ हुंगतात. नदीची बारीक वाळू, कडा नसलेली, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊन घाला. आणि विहीर खाडीजवळ आहे का? मे महिन्यात मचूळ होते का?

वाशिष्ठीकाठची_सई
खाडीपासून लांब आहे, मचूळ होत नाही. मग आठ ड्वार्फ चेन नक्की? टाकीत एक फायटर मासा पण आहे.

जांभ्याचा_चिरा
फायटर!! हे आधी सांगायचं ना ताई. त्याचे लांब पंख हे लोच कुरतडतील. त्याला वेगळ्या टाकीत हलवा, मगच आणा.

खेडची_मावशी
गणपतीत आठवडाभर घर बंद असतं आमचं. माशांना कोण घालतं तुमच्याकडे? वीज गेली तर हवेचं काय?

गुहागरचा_गणू
मावशी, मोठे मासे आठवडा उपाशी राहतात, शेजाऱ्यांना भरमसाट घालायला सांगू नका. हवेसाठी बॅटरीवरचा पंप मिळतो. बाकी वेगळा धागा काढा.

सईताई, गोगलगायी मारायचं औषध टाकलंय का? त्यात बहुधा तांबं असतं. लोचच्या अंगावर खवले अगदी बारीक, औषध त्यांना लगेच बाधतं. पांढऱ्या ठिपक्यांचा रोगही आधी त्यांनाच होतो, म्हणून नवे मासे दोन-तीन आठवडे वेगळे ठेवा. आणि टाकीला झाकण हवंच, उडी मारतात.

वाशिष्ठीकाठची_सई
औषध दुकानदाराने दिलंय, अजून टाकलं नाही. नाही टाकत. फायटरला बरणीत हलवू?

गुहागरचा_गणू
बरणी नको, वीसेक लिटरची छोटी टाकी घ्या. गोगलगायी माजल्या म्हणजे खाणं जास्त पडतंय, ते कमी करा. रात्री काकडीची चकती टाका, सकाळी गोगलगायींसकट उचला. ती दुपारपर्यंत आत ठेवू नका, पाणी नासतं.

वाशिष्ठीकाठची_सई
भावाला कळवलं: आठ ड्वार्फ चेन, नाही मिळाले तर काहीच आणू नकोस.