‘संपर्क तुटला’ की ‘सुटला’? वैमानिक, नियंत्रक आणि एक क्रियापद

अनुवादिनी, कोथरूड
विमान सुरक्षेवरचा एक मजकूर मराठीत करते आहे. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांचे बोलणे थांबले, असे प्रसंग त्यात वारंवार येतात. कुठे रेडिओ बिघडलेला, कुठे फ्रीक्वेन्सीचा आकडा चुकलेला, कुठे कोणाचे बोलायचे बटण दाबलेलेच राहिलेले. माझ्या हातून मात्र सगळीकडे ‘संपर्क तुटला’ एवढेच उमटते. एक शब्द पुरेल का? ‘संपर्कभंग’ किंवा ‘संपर्कलोप’ चालेल? आणि फ्रीक्वेन्सीला ‘वारंवारता’ की ‘कंप्रता’?

टॉवर, लोहगाव
पुरणार नाही. यंत्र बिघडले तर पुढची पावले वेगळी आणि आकडा चुकला तर वेगळी, मग शब्द एक कसा?

सर्वांत जास्त वेळा होते ते आकड्याचे. लांबच्या प्रवासात विमान एका क्षेत्रातून दुसऱ्यात जाते, तेव्हा पहिला नियंत्रक पुढच्याची फ्रीक्वेन्सी सांगतो. वैमानिकाने ती परत म्हणून दाखवायची असते. १२७.८५ सांगितले आणि १२८.७५ ऐकले, परत म्हणतानाची चूक कोणाच्या कानाला लागली नाही, तर विमान तिसऱ्याच ठिकाणी कान लावून बसते. रेडिओ ठणठणीत, वैमानिक ठणठणीत, पण बोलावतो आहे त्याला उत्तर नाही. इथे तुटले काहीच नाही.

अशा वेळी वैमानिकाने आधी जुन्या फ्रीक्वेन्सीवर परतायचे. हेडसेटची पिन, आवाजाची कळ, ऑडिओ पॅनेलवर कोणता रेडिओ निवडला आहे, हे बघायचे. दुसरा संच वापरून बघायचा. मग १२१.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे आणीबाणीची ‘गार्ड’ फ्रीक्वेन्सी. प्रवासी विमानात सहसा तीन व्हीएचएफ संच, म्हणजे अतिउच्च फ्रीक्वेन्सीचे रेडिओ, असतात आणि त्यातला एक गार्डवर लावून ठेवण्याची रीत आहे. जवळपासच्या दुसऱ्या विमानाकरवी निरोप पोचवता येतो. हे सगळे फसले की ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर, ७६०० लावायचे. नियंत्रकाच्या पडद्यावर लगेच कळते की रेडिओ गेला आहे.

सदाशिव पेठ
‘भंग’ नको. व्रतभंग, शांतताभंग, वचनभंग: ‘भंग’ आला की दोषी कोण ते शोधणे आलेच. ‘लोप’ व्याकरणात शोभतो आणि परत येत नाही.

आकडा चुकण्याला मराठीत आयता शब्द आहे, चुकामूक. लक्ष्मी रोडवर एक जण या दुकानापाशी उभा, दुसरा त्या. दोघेही जागेवर, दोघेही वाट बघतात आणि भेट होत नाही. क्रियापद हवे असेल तर ‘सुटला’. गर्दीत हात सुटतो तेव्हा तो शोधून परत धरता येतो. हात तुटला म्हटले की दवाखान्यात जावे लागते.

टॉवर, लोहगाव
‘सुटला’ मान्य. ठळक उदाहरण द्यायचे तर २१ ऑक्टोबर २००९ रोजी सॅन डिएगोहून मिनियापोलिसला निघालेले नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे विमान १८८. फ्रीक्वेन्सी बदलताना गफलत झाली, दोन्ही वैमानिक लॅपटॉपमध्ये गुंतले आणि तासाहून अधिक वेळ कोणाशी बोलणे नाही. मुक्काम मागे टाकून विमान शंभरावर मैल पुढे गेले, मग परत फिरून सुखरूप उतरले. संपर्क सुटला होता. आणि रडारवर दिसत असलेल्या विमानाला ‘बेपत्ता’ तर मुळीच म्हणू नये.

अनुवादिनी, कोथरूड
आणि ‘रडारवरून गायब’?

बिनतारी, पाषाण
तिथे आणखी घोळ आहे. रडार दोन प्रकारचे. प्राथमिक रडार विमानाच्या अंगावरून परतलेली लहर टिपते. दुय्यम रडार विमानाला प्रश्न विचारते आणि ट्रान्सपॉन्डर उत्तर देतो. ट्रान्सपॉन्डर बंद पडला की नागरी पडद्यावरून खूण जाते, विमान मात्र आकाशात असते. ८ मार्च २०१४ रोजी मलेशिया एअरलाइन्सच्या एमएच३७० विमानाचे शेवटचे शब्द पहाटे १:१९ ला आले, दोनेक मिनिटांत ट्रान्सपॉन्डरची खूण गेली, पण लष्कराच्या प्राथमिक रडारवर ते २:२२ पर्यंत दिसत होते. म्हणून ‘ट्रान्सपॉन्डरची खूण गेली’ असेच लिहावे. याच घटनेत ‘तुटला’ आणि ‘तोडला’ यांतला फरक जड होतो. ‘तोडला’ला कर्ता लागतो, आणि तो चौकशीतही ठरलेला नाही.

आकड्यांबद्दल एक सूचना. ट्रान्सपॉन्डरच्या चारही घरांत फक्त ० ते ७ हे अंक बसतात, एकूण ४०९६ संकेतांक. मजकुरात कुठे ७८०० किंवा ७९०० दिसले तर ती छपाईची चूक समजा. ७५०० अपहरण, ७६०० रेडिओ बंद, ७७०० आणीबाणी. हा संकेतांक लावण्याला ‘स्क्वॉक’ म्हणतात, म्हणजे पक्ष्याचा कर्कश आवाज. महायुद्धातल्या शत्रू-मित्र ओळखयंत्राचे टोपणनाव ‘पॅरट’ होते, त्याचा हा वारसा. पोपटपंची म्हणायचा मोह होतो, पण आवरा.

फ्रीक्वेन्सीला विश्वकोशात ‘कंप्रता’ आहे, शाळेच्या पुस्तकांत ‘वारंवारता’. वैमानिकाच्या तोंडी दोन्ही नकोत, तिथे ‘फ्रीक्वेन्सी’च. रेडिओला ‘नभोवाणी’ करू नका, वाचकाला बातम्या आणि नाट्यसंगीत ऐकू येईल. यंत्रणेसाठी ‘बिनतारी’ चालेल, पोलिसांच्या बिनतारी विभागामुळे तो शब्द पुण्यात अजून जिवंत आहे.

अनुवादिनी, कोथरूड
बटण दाबलेलेच राहण्याला काय म्हणू?

बिनतारी, पाषाण
‘वाहिनी अडली’. विमानाचा व्हीएचएफ रेडिओ एका वेळी एकाचेच बोलणे नेतो. एकाचे बटण अडकले की त्या फ्रीक्वेन्सीवरचे सगळे मुके. दोघे एकदम बोलले तर शब्दांऐवजी शीळ ऐकू येते. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धावपट्टीवर केएलएम आणि पॅन ॲमची दोन जम्बो विमाने धुक्यात आदळली, ५८३ माणसे गेली. त्याआधीच्या मोक्याच्या क्षणी टॉवर आणि पॅन ॲमचे वैमानिक एकाच वेळी बोलले होते आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये त्यातले बरेचसे शिळेत बुडाले. संपर्क तुटला नव्हता, दाटला होता म्हणा.

चौथा प्रकार पल्ल्याचा. व्हीएचएफ साधारण सरळ रेषेत जाते. ३५,००० फुटांवरून पल्ला कागदावर सुमारे ४२५ किलोमीटर, १,००० फुटांवरून जेमतेम ७०. सिंहगडाच्या आडोशाला कमी उंचीवर गेलेले छोटे विमान ‘आवाक्याबाहेर’ असू शकते. त्याला उंची घेतली की पुरते.

टॉवर, लोहगाव
खऱ्या बिघाडासाठी ‘तुटला’ राखून ठेवा, पण अर्धा बिघाडही असतो. ऐकू येते आणि बोलता येत नाही, असे असेल तर नियंत्रक सांगतो, ‘ऐकू येत असल्यास आयडेंट (ट्रान्सपॉन्डरवरचे ओळखीचे बटण) दाबा’ किंवा अमुक दिशेला वळा. खूण उमटली किंवा विमान वळले की ‘एकतर्फी संपर्क’ आहे हे कळते. उलट, आपले बोलणे जात असेल पण ऐकू येत नसेल, तर वैमानिक उत्तराची वाट न बघता प्रत्येक निरोप दोनदा सांगतो. त्याला इंग्रजीत ‘ब्लाइंड ट्रान्समिशन’ म्हणतात, त्याचे शब्दशः ‘आंधळे प्रसारण’ करू नका. ‘उत्तराविना निवेदन’ बरे.

दोन्ही बाजू गेल्या तर हवा स्वच्छ असताना नजरेने उडत जवळच्या योग्य विमानतळावर उतरायचे. ढगांत असाल तर आंतरराष्ट्रीय नियमाने शेवटचा दिलेला वेग आणि उंची राखायची, रडारखाली ७ मिनिटे, रडार नसेल तिथे २० मिनिटे, आणि मग दाखल केलेल्या उड्डाण आराखड्याप्रमाणे जायचे. देशोदेशी यात फरक असतात, तेव्हा मजकूर कुठला आहे ते बघूनच आकडे लिहा.

विमानतळाजवळ टॉवर दिव्याने बोलतो. स्थिर हिरवा: उतरा. स्थिर लाल: दुसऱ्याला वाट द्या, घिरट्या चालू ठेवा. लाल उघडझाप: विमानतळ असुरक्षित, उतरू नका. वैमानिक पोच देतो ती दिवसा पंख डुलवून, रात्री लँडिंगचे दिवे दोनदा लावून. ‘पंख फडफडवून’ लिहिलेले दिसते कधीकधी. तसे झाले तर रेडिओची चिंता कोणी करणार नाही.

उपसंपादक, शनिवार पेठ
हे सगळे कारण कळल्यावरचे. रात्री अकराला बातमी येते तेव्हा कारण कोणाला माहीत असते? मथळ्यात मावेल असा तटस्थ शब्द द्या.

सदाशिव पेठ
‘खंड’. पावसाने खंड दिला म्हणतो तेव्हा पाऊस संपला असे कोणी समजत नाही, आणि ढगांवर आरोपही होत नाही. ‘विमानाच्या संपर्कात खंड’.

उपसंपादक, शनिवार पेठ
एक अक्षर जास्त होते. ‘विमानाशी संपर्क नाही’ घेतो.

टॉवर, लोहगाव
तेही बरोबर आहे. फक्त संपर्क परत आला की रात्रीच मथळा बदला.