ब्लू-कट चष्म्याचे पैसे वाचवा
एका पालकाने विचारलंय की मुलाला मोबाइलसाठी ब्लू-कट चष्मा (स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणारा) घ्यावा का. आम्ही घेतला होता, आता ड्रॉवरमध्ये पडलाय. नंतर वाचलं की 2023 च्या कॉक्रेन रिव्ह्यूत (बरेच अभ्यास एकत्र तपासून केलेला आढावा) या काचांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असं काही दिसलं नाही. आधी वाचायला हवं होतं, असो.

खरा घोळ आहे जवळून बघण्याचा आणि पापण्या न मिटण्याचा. लेक तिसरीत आहे, पांघरुणात मोबाइल नाकापासून वीतभर अंतरावर धरून कार्टून बघायची. एकदा शेजारी बसून मोजलं तर मिनिटभरात चार वेळा पापणी मिटली, मग डोळे चोळत बसते. मोबाइल काढून घेतला नाही (रडारड कोण ऐकणार), कार्टून टीव्हीवर लावतो आणि सतरंजी आठ फुटांवर अंथरतो. दर 20 मिनिटांनी 20 फुटांवर 20 सेकंद बघा म्हणतात, आमच्या हॉलमध्ये 20 फूट आहेतच कुठे, मग खिडकीतून समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवरचे कावळे मोजायला लावते.

पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उन्हाउजेडात खेळणं. चीनमध्ये ग्वांगजोला पहिलीच्या मुलांना शाळेत रोज 40 मिनिटं जास्त बाहेर ठेवलं, तीन वर्षांत मायनस नंबर लागला साधारण 30 टक्के मुलांना, बाकी शाळांत 40 टक्क्यांच्या आसपास. तेव्हा क्लास एखादा कमी करा, मुलाला खाली खेळायला पाठवा. आणि फळ्यावरचं दिसत नाही म्हणाला तर मात्र घरगुती उपाय नकोत, डोळ्यांच्या डॉक्टरकडेच न्या.