घरातला अँटेना बदलावा की गच्चीवर छत्री बसवावी?

गंगापूररोडकर: नमस्कार. केबल बंद केल्यावर दूरदर्शन पाहण्यासाठी मी नाशिकच्या एम. जी. रोडवरून ‘डिजिटल’ असे छापलेला अँटेना आणला. खिडकीच्या लोखंडी जाळीपाशी, कपाटावर, अगदी देव्हाऱ्याशेजारीही ठेवून पाहिला. मात्र चॅनेलचा शोध संपल्यावर पडद्यावर ‘0’ एवढेच उमटते. अधिक शक्तीचा घ्यावा का?

जुना रेडिओवाला: थांबा, आणखी पैसे घालवू नका. अँटेना डिजिटल किंवा अ‍ॅनालॉग नसतो, तो केवळ ठरावीक लहरी पकडतो. आणि सिग्नलच नसेल, तर शक्ती वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर फक्त खरखर मोठी करतो. दूरदर्शनचे बहुतेक अ‍ॅनालॉग प्रक्षेपक 2022 पर्यंत बंद झाले आहेत, तर डिजिटल भूप्रक्षेपणासाठी, म्हणजे जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येणाऱ्या डिजिटल लहरींसाठी, टीव्हीत त्या उलगडणारा डीव्हीबी-टी2 ट्यूनर लागतो. तो आहे का, हे माहितीपुस्तिकेत आधी पाहावे.

सिडकोकर: माझ्या मते डीडी फ्री डिशची, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेची, छत्री हाच व्यवहार्य मार्ग आहे, कारण तिला मासिक शुल्क नाही. तिचा उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर असल्याने नाशिकहून छत्रीचे तोंड आग्नेयेकडे आणि आकाशातील रोख क्षितिजापासून सुमारे 57 अंश वर हवा. त्या रेषेत आंब्याची फांदी आली, तरी चित्र तुटते.

गंगापूररोडकर: आभारी आहे. आमची बाल्कनी पश्चिमेला असल्याने गच्चीच गाठावी लागेल, म्हणजे आधी सोसायटीच्या सचिवांची मनधरणी आली.