मदत हवी आहे: जुन्या स्प्लेंडरला १०डब्ल्यू३० ऑईल की २०डब्ल्यू४०?

मंडळी,
वडिलांची हीरो स्प्लेंडर प्लस आहे. किलोमीटरचा काटा कधीचाच बंद, त्यामुळे किती पळालीय देव जाणे. आम्ही वाईचे. रोज पसरणी घाट चढून पाचगणी, मागे बहुतेक वेळा सामान असतंच. ऑईल बदलायला झालंय आणि तिघांची तीन मतं.

गाडीच्या पुस्तकात १०डब्ल्यू३०, जासो एमए (दुचाकीच्या ऑईलचा दर्जा) लिहिलंय. गॅरेजवाले म्हणतात, इंजिन जुनं झालं, २०डब्ल्यू४० टाका, आवाज कमी होईल. आवाज आहे हे खरं. हेडकडून, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातून टकटक येते, सकाळी जास्त. धूर अजिबात नाही, ऑईलही कमी होत नाही. तिसरे आमचे काका. त्यांच्या कारचा ५डब्ल्यू३० चा डबा उरलाय, फुली सिंथेटिक. "एवढं महागाचं ऑईल वाया का घालवायचं?" काकांना नाही म्हणायचं तर कारण ठोस लागेल.

प्रतिसाद
काकांचं आधी निकालात काढू. कारचा क्लच कोरडा असतो. स्प्लेंडरच्या क्लच प्लेटा इंजिनच्याच ऑईलमध्ये बुडालेल्या असतात, गिअरलाही तेच ऑईल. कारच्या बऱ्याच ५डब्ल्यू३० मध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात. त्याने प्लेटा घसरतात: घाटात इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढे सरकत नाही. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ शोधा, नसेल तर नको. एमबी लिहिलेलंही नको, ते ॲक्टिव्हासारख्या स्कूटरसाठी.

आता २०डब्ल्यू४०. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑईल किती जाड असतं त्याचा, नंतरचा गरम इंजिनातला; आकडा मोठा तेवढं ऑईल जाड. धूर नाही, ऑईल पीत नाही, मग जाड ऑईल कशासाठी? टकटक थोडी दबेल, पण पिकअप आणि ॲव्हरेजही थोडं दबेल. आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करून घ्या, टायमिंग चेन (व्हॉल्व्ह चालवणारी इंजिनातली साखळी) बघायला सांगा. आणि बुलेटवाल्या मित्रांचं ऐकू नका, त्यांच्या ३५० यूसीई इंजिनाला १५डब्ल्यू५० लागतं म्हणून सगळ्यांना लागत नाही.

प्रतिसाद
माझ्या जुन्या गाडीत गॅरेजवाला २०डब्ल्यू४० च टाकतो, काही बिघडलं नाही. उगाच बाऊ करू नका.

प्रतिसाद
बिघडणार नाहीच लगेच. पण यांच्या इंजिनाची तक्रार ऑईलची नाही, टॅपेटची वाटते, एवढंच म्हणणं. आणि गॅरेजमध्ये अख्खा लिटर ओतू देऊ नका, बदलताना साधारण ९०० मिली पुरतं. गाडी मेन स्टँडवर घेऊन डिपस्टिकवर (ऑईल मोजायची कांडी) बघा, आटे न फिरवता नुसती टेकवून.

धागाकर्ता
आभार. १०डब्ल्यू३० एमए नक्की. टॅपेट गरम इंजिनावर सेट करतात की थंड?

प्रतिसाद
थंड. रात्रीच गॅरेजला लावून या, सकाळी चालू न करता करायला सांगा.