हमीपत्रावर सही करण्याआधी

म्हापशाच्या एका ताईंनी विचारलंय की अमेरिकेतला व्यापारी रेयॉनच्या ओढण्यांसाठी आगीबाबतचं हमीपत्र, म्हणजे कापड ज्वलनशीलतेच्या चाचणीत उतरलंय अशी लेखी हमी, मागतोय, सही करून देऊ का? ताई, चाचणीचा कागद हातात असेल तरच द्या. तिथल्या १९५३ च्या ज्वलनशील कापड कायद्यानुसार असं हमीपत्र विश्वासानं घेणारा फौजदारी खटल्यातून सुटतो, पण खोटं देणारा अडकतो. म्हणजे त्याची मान सुटते ती तुमच्या सहीवर!

चाचणीत तुकडा ४५ अंशांत तिरका लावतात, ज्योत फक्त एक सेकंद. साध्या पोताचं, म्हणजे वर लव नसलेलं कापड साडेतीन सेकंदांच्या आत जळत वर गेलं की बाद. आधी कापड वजनकाट्यावर टाका. साध्या पोताचं, चौरस मीटरला ८८ ग्रॅम किंवा जास्त भरलं तर चाचणीतून सूट आहे. निव्वळ पॉलिएस्टर, नायलॉन, लोकर यांना वजनाचीही अट नाही. घोळ होतो तो तुमच्या ओढण्यांसारख्या झिरझिरीत मालाचा. १९९४ साली भारतातून गेलेले तसलेच घागरे तिथल्या दुकानांतून परत मागवले होते.

हणजूणच्या बुधवारच्या बाजारासाठी शिवलेल्या ओढणीचं कातरण मी एकदा समईवर धरलं होतं. हात मागे घेईपर्यंत अंगठा पोळला. अर्थात ही काही चाचणी नव्हे, नमुना प्रयोगशाळेतच पाठवा.