चाल संगीतकाराची, पण वाद्यमेळ कोणाचा?

मध्यसप्तक:
'अमर अकबर अँथनी'तलं (१९७७) अँथनी गोन्साल्विसचं गाणं वरातीत आजही वाजतं. प्यारेलालनी ते नाव आपल्या व्हायोलिनच्या गुरूंची आठवण म्हणून घेतलं होतं. हे गुरू गोव्यातल्या माजोर्ड्याचे. नौशादांच्या वाद्यवृंदात वाजवू लागले, पुढे अरेंजर झाले. संगीतकार पेटीवर चाल ऐकवणार. तिच्यामागे व्हायोलिनं काय वाजवतील, ट्रम्पेट कुठे उठेल, दोन कडव्यांमधले तुकडे कसे जातील, हे सगळं अरेंजरने नोटेशनमध्ये लिहायचं आणि अनेकदा रेकॉर्डिंगला समोर उभं राहून वाजवून घ्यायचं. श्रेयनामावलीत मात्र 'सहायक', तेही नाव आलंच तर. माझ्या मते हे नाव संगीतकाराच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत हवं होतं.

षड्ज_पंचम:
नाही पटलं. अरेंजर सेबॅस्टियन डिसूझा शंकर-जयकिशनकडेही होते आणि ओ. पी. नय्यरांकडेही. तरी एकाकडे व्हायोलिनचा भरगच्च ताफा, दुसऱ्याकडे टांग्याचा ठेका. अरेंजर तोच, मग फरक कुठून आला? संगीतकाराच्या डोक्यातून. सलील चौधरी तर वाद्यमेळाचं बरंचसं स्वतःच लिहायचे.

मध्यसप्तक:
सलीलदा लिहायचे, कारण त्यांना ते येत होतं. ज्यांना येत नव्हतं त्यांचं काय? गोव्याच्या पोरांना चर्चच्या शाळेत लहानपणीच स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, शिकवत, म्हणून तर मुंबईच्या स्टुडिओंना ती लागली.
माझे मामा दुसऱ्या रांगेत व्हायोलिनला बसत. त्यांचा एक पार्ट मी हातात घेतलाय. पिवळा पडलेला कागद, शाईचे स्वर, वर पेन्सिलीने केलेल्या बोच्या, म्हणजे व्हायोलिनच्या गजाच्या, खुणा. गाण्याची चाल त्यावर कुठेच नाही, नुसती मुखड्यामागून वाहणारी दुसरी सुरावट. मामांनी तेवढीच वाजवली आणि आईने तिसऱ्या ओळीला गाणं ओळखलं!

कोमल_निषाद:
तुम्ही दोघं श्रेयावर अडलात. मला त्याहून जास्त लागतं ते १९५८ साल. त्या वर्षी अँथनीबाबांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. रागांवर बांधलेल्या स्वतःच्या रचना, आणि गायला लता मंगेशकर, मन्ना डे. पण तो प्रयोग रुजला नाही. साठच्या दशकात ते अमेरिकेला गेले, परत आले ते माजोर्ड्यालाच, सिनेमाकडे वळलेच नाहीत. २०१२ मध्ये गेले. नाव मोठ्या अक्षरांत छापून त्यांच्या त्या रचना आपल्याला ऐकायला मिळाल्या असत्या का?

षड्ज_पंचम:
मामांचा कागद विसरणार नाही. 'सहायक' हा शब्द अन्यायाचा, हे मान्य. पण तेवढीच मोठी अक्षरं? नाही. चालच नसती तर ती दुसरी सुरावट कशाच्या मागून वाहिली असती? मराठी कॅसेटवर 'संगीत संयोजन : अनिल मोहिले' असं वेगळं छापलेलं वाचत मी मोठा झालो. हिंदीवाल्यांनी तेवढं केलं असतं तरी पुरे होतं.

मध्यसप्तक:
मला नाही पुरत.